तीनाला तीन

१

मंगळवार आणि शनिवार, सकाळचे साडेनऊ. रमाकांत दिघे पाईपचं टोक खांद्यावर टाकून रानात शिरायचे आणि मोहनाताई फाटकाजवळच्या नळापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या. गेली दोन वर्षं यात खंड म्हणून नव्हता. लोक सकाळी देवळात जातात, हे जोडपं झाडांना पाणी घालायला जायचं. आणि वाटेत देवळात जाणाऱ्यांपेक्षा दुप्पट भांडायचं, हेही सांगून टाकलेलं बरं.

रान म्हणजे काही मोठं अरण्य नव्हे. वाघोडिया रोडच्या आतल्या बाजूला, पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या कांसाच्या काठी एक उकिरडा होता. आजूबाजूच्या चार सोसायट्यांनी मिळून सात वर्षांपूर्वी तो उपसला आणि दोन-दोन हातांवर झाडं लावली. करंज, अर्जुन, शिवण, जांभूळ, मिळेल ते. ती अशी काही माजली, की फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत टेपने मोजलेले एकशे साठ फूट, पण दहा पावलं आत गेलेला माणूस बाहेरून दिसायचा नाही. वाट अशी नव्हतीच. पाईप धरून आत जायचं, पाईप धरून बाहेर यायचं.

सगळ्यात आत, भिंतीजवळ, रमाकांतांनी दोन वर्षांपूर्वी खिरणीची चाळीस रोपं लावली होती. ठिबकच्या नळ्या खारी कुरतडून टाकायच्या, म्हणून हा दोनशे फुटी पाईप. आता पाणी सोडायचं कधी, बंद करायचं कधी, हे कळणार कसं? ओरडून उपयोग नव्हता. रमाकांतांना ऐकू कमी यायचं, आणि कानातलं यंत्र भिजू नये म्हणून आत जाताना ते काढून मोहनाताईंच्या हातात ठेवायचे. मोबाईल एकदा चिखलात पडून कामातून गेला, तेव्हापासून तोही आत न्यायचा नाही असा नियम. हा गृहस्थ छत्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता. नियम करायला त्याला काय लागतं?

तर नियम असे. पाईपला एक झटका म्हणजे पाणी सोड. दोन म्हणजे बंद कर. तीन म्हणजे बाहेर यायचं. रमाकांतांनी तीन दिले तर ते निघताहेत, मोहनाताईंनी दिले तर त्या बोलावताहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला झटका मिळाला त्याने तेवढेच झटके परत द्यायचे.

“सिग्नल दिला म्हणजे काम झालं असं नसतं, मोहना. समोरच्याने तो परत दिला की झालं,” ते सांगायचे. “तीनाला तीन मिळाल्याशिवाय जागचं हलायचं नाही.”

“आणि मी खुर्चीवरच गचकले तर?”

“तर मी आत उभा राहीन. उत्तर येईपर्यंत.”

हे ते हसत म्हणायचे, पण खोटं म्हणायचे नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात मोहनाताईंना एवढं नक्की कळलं होतं, की हा माणूस नियमासाठी खरंच उभा राहील.

उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, होऊन आठवडा झाला होता. त्या शनिवारी रमाकांत बाहेर आले, टोपी काढून घाम पुसला, यंत्र कानात घातलं आणि म्हणाले, “चार कशाला दिलेस गं?”

“काय चार?”

“चार झटके. मी दोन दिले, तू दोन परत दिलेस, पाणी बंद झालं. मग थोड्या वेळाने तू चार दिलेस. चारचा काही अर्थच नाही आपल्यात.”

मोहनाताई तेव्हा मेथी निवडत होत्या. पाईपला त्यांनी हातही लावला नव्हता.

२

आता कुणीही शहाणा माणूस काय म्हणेल? पतंगाचा दोरा. सात दिवस सगळे स्वयंसेवक झाडांवरून मांजाच काढत होते. कुठे फांदीला अडकलेला दोरा पाईपमध्ये गुंतला, वर फांदी हलली, खाली पाईप हलला. रमाकांतांचं म्हणणं वेगळं, की नळ झटकन बंद केला की पाण्याचा धक्का पाईपभर फिरतो. रानाचं सगळं काम पाहणारा समरजित म्हणाला, “काकू, माकडं! आपल्या सोसायटीत तर ती डोअरबेल वाजवतात.” समरजित कारखान्यात इंजिनिअर होता, वय चाळीस, आणि प्रत्येक गोष्टीवर हसण्याची त्याला सवय होती.

तीन कारणं मिळाली, आणि तिन्ही पटण्यासारखी. मोहनाताईंनी त्यातलं एक उचललं आणि विषय सोडला.

मंगळवारी रमाकांत आत गेले. पाईप त्यांच्यामागून सळसळत गेला. दर वीस फुटांवर त्यांनी लाल रंगाचा पट्टा मारला होता; एक, दोन, तीन असे पट्टे पाल्याखाली दिसेनासे झाले. मोहनाताईंच्या हाताला एक झटका बसला. स्वच्छ, खणखणीत एक. त्यांनी एक परत दिला आणि नळ सोडला.

पाच मिनिटांत रमाकांत डोक्यापासून पायापर्यंत भिजून बाहेर आले. जानेवारीची सकाळ, दात कडकड वाजताहेत.

“अगं, पोचू तरी द्यायचंस! अर्ध्या वाटेत होतो मी. तोंडावरच फवारा!”

“तुम्ही एक दिलात.”

“मी कशाला देईन? दोन्ही हातांनी फांद्या बाजूला करत होतो.”

रमाकांत वैतागलेले होते, त्यांना फक्त ओला शर्ट दिसत होता. मोहनाताईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली. शनिवारी त्यांनी न दिलेले झटके नवऱ्याला मिळाले होते. आज नवऱ्याने न दिलेला झटका त्यांना मिळाला. पाईपला टोकं दोन. एका टोकाला ती, एका टोकाला तो. मग मधे कोण होतं?

त्यांनी हा विचार झटकून टाकला. साठी उलटलेल्या, हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईने असलं काही मनात आणावं म्हणजे कमालच.

कडेचं तण काढणारी विमलबेन त्यांच्याकडे बघत होती. ती रोज यायची, पण हल्ली कुंपणाला धरूनच बसायची, आत म्हणून जायची नाही.

“विमलबेन, तू मधल्या भागात का जात नाहीस गं?” मोहनाताईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

विमलबेनने खुरपं पुसलं. “मने नथी गमतुं त्यां,” ती म्हणाली. नाही आवडत मला तिथे, बस. साप आहे का, मुंगळे आहेत का, मोहनाताईंनी खोदून खोदून विचारलं. ती नुसती मान हलवत राहिली. शेवटी उठता उठता म्हणाली, “बेन, साहेबांना एकटं नका पाठवू.”

३

घरी आल्यावर मोहनाताईंनी सरळ सांगितलं, “मला भीती वाटते. आपण हे काम सोडू या.”

रमाकांत जेवायला बसले होते. जेवणाआधी पोटात सुई टोचून घेण्याचा त्यांचा कार्यक्रम चालला होता. गेल्या पावसाळ्यात याच सुईने घात केला होता. सुई घेतली, खायला उशीर झाला, आणि साखर इतकी उतरली की हा माणूस स्वतःच्याच दारात उभा राहून दार कुठे आहे म्हणून विचारत होता. त्या दिवशी मोहनाताईंचं काळीज फाटलं ते पुन्हा नीट शिवलं गेलंच नाही. तेव्हापासून सकाळच्या सुईनंतर साडेदहाच्या आत त्यांच्या पोटात काहीतरी पडलंच पाहिजे, हा मोहनाताईंचा नियम होता. आणि तो रेल्वेच्या नियमांपेक्षा कडक होता.

“कसली भीती?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या आणि माझ्या मधे कुणीतरी पाईप धरतंय.”

“भित्यापाठी ब्रह्मराक्षस!” रमाकांत हसले. मग त्यांनी बायकोचा चेहरा पाहिला आणि हसणं आवरतं घेतलं. “बरं. आपण तपासून बघू. लाईनमध्ये दोष असला की आम्ही काय करायचो? मधे माणूस उभा करायचो.”

शनिवारी समरजित मधे उभा राहिला. पाचव्या पट्ट्यापाशी, पाईपवर हात ठेवून. एकाला एक आला. दोनाला दोन आले. तीनाला तीन आले. एक झटका इकडचा तिकडे झाला नाही. मोहनाताईंना इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. मेली ती माकडं, असं त्या मनात म्हणाल्या.

आधी समरजित बाहेर आला. तो हसत नव्हता.

“सगळं बरोबर आलं ना?” मोहनाताईंनी विचारलं.

“हो काकू. एकदम बरोबर.” तो हाताचा तळवा पँटला पुसत होता. “फक्त एक सांगा. काका माझ्या पुढे होते. तुम्ही माझ्या मागे. म्हणजे झटका एक तर पुढून यायला पाहिजे, नाहीतर मागून. बरोबर?”

“मग?”

“मला बाजूने येत होता.”

तो पुढेही काही सांगणार होता. पण तेवढ्यात रमाकांत टोपी झटकत बाहेर आले आणि मोठ्याने म्हणाले, “काय, इंजिनिअरसाहेब? लाईन क्लिअर?” समरजित म्हणाला, “क्लिअर, काका,” आणि तो नाश्त्यालाही थांबला नाही. रात्री त्याचा निरोप आला, की कारखान्यात काम वाढलंय, दोन-तीन आठवडे जमणार नाही.

४

सोमवारी दुपारी रमाकांत झोपलेले असताना मोहनाताई रिक्षा करून एकट्याच रानात गेल्या.

का गेल्या, तर त्यांना चूक शोधायची होती. पाईप कुठल्या तरी मुळाला अडकत असेल, ते मूळ बघायचं, समरजितला आणि विमलबेनला दाखवायचं, आणि हसायचं. पाईप परवाचा तसाच आत पसरलेला होता. रोपांना पुन्हा पाणी लागणारच म्हणून गुंडाळला नव्हता. दुखऱ्या गुडघ्यांना शिव्या घालत त्या पाईप धरून चालू लागल्या. पहिला पट्टा. दुसरा. बाहेरच्या रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज तिसऱ्या पट्ट्यापर्यंत येत होता. चौथ्याला तो थांबला. कमी कमी होत नाही गेला, थांबला.

पक्षी असतील म्हणून त्यांनी कान दिला. पाचोळ्यावर स्वतःचाच पाय वाजला तेव्हा त्या दचकल्या.

चौथ्या आणि पाचव्या पट्ट्याच्या मधे पाईप सरळ जायला हवा होता. समोर मोकळं होतं, अडथळा कसला नव्हता. तरी पाईप डावीकडे वळला होता, दोन हात बाजूला गेला होता आणि पुन्हा वळून सरळ झाला होता. जसं काही मधे कुणी उभं आहे आणि पाईप त्याच्या बाजूने नेलाय. त्या वळणापाशी जमिनीवर पाचोळा नव्हता. सगळ्या रानात घोट्याएवढा पाचोळा, आणि ही ताटाएवढी जागा झाडून काढल्यासारखी.

मोहनाताई खाली वाकल्या. पाईपचा काळा रबर सगळीकडे खरबरीत झाला होता, मातीने पांढुरका पडला होता. फक्त त्या वळणावर तो गुळगुळीत होता. चकचकीत. कुदळीचा दांडा धरून धरून जसा गुळगुळीत होतो तसा. आणि दांडा धरावा तशा दोन मुठींच्या जागा होत्या, एकीपासून दुसरी चांगली हातभर लांब.

त्यांनी आपली मूठ तिथे ठेवून पाहिली नाही. खरं सांगायचं तर तसं मनात आलं होतं, आणि मनात आलं म्हणूनच त्या घाबरल्या. त्या मागे वळल्या आणि पाईप सोडून, फांद्या तोंडावर घेत, जमेल तशा धावत सुटल्या. फाटकाबाहेर येऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या तेव्हा गालावरून रक्त येत होतं. जवळच्या टपरीवाल्याने विचारलं, “शुं थयुं, बेन?” काय झालं ते न सांगता त्यांनी हाताने गाल पुसला आणि रिक्षाला हात केला.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. मुठींचंही सांगितलं.

“घासला असेल मुळावर.”

“तिथे मूळ नाही.”

“दगडावर.”

“अहो, मी हात जोडते. नका जाऊ.”

रमाकांतांनी त्यांचे जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाले, “बुधवारी ठिबकच्या नव्या नळ्या येताहेत. लोखंडी जाळीतल्या. मग पाईपचं कामच नाही. उद्याचं पाणी चुकलं तर रोपं नाही तगायची मोहना, दोन तर आत्ताच सुकलीत. उद्या एकदाच. शेवटचं. आणि तू म्हणशील तेव्हा बाहेर. तू तीन दे, मी हातातलं टाकून निघतो. शब्द देतो.”

इथे मोहनाताईंनी आकांडतांडव करायला हवं होतं. पाईप कापून टाकायला हवा होता. पण एक तर त्यांचा स्वतःवरच विश्वास नव्हता. आणि दुसरं, या माणसाने दिलेला शब्द आजवर मोडलेला नव्हता.

५

मंगळवारी ऊन छान पडलं होतं. विमलबेन आली नव्हती. रमाकांतांनी सुई घेतली होती. डब्यात ठेपले होते, साडेदहाला खायचे. त्यांनी यंत्र काढून मोहनाताईंच्या तळहातावर ठेवलं, त्यांची बोटं मिटली आणि म्हणाले, “अर्धा तास. तेवढाही नाही लागणार.” निळा शर्ट झाडांत शिरला, दोन वेळा दिसला, मग दिसेना.

एक झटका आला. मोहनाताईंनी घड्याळ पाहिलं. इतक्या वेळात ते पोचायला हवेतच. एक परत दिला. पाणी सोडलं. आतून पानांवर पाणी पडल्याचा आवाज आला, त्यामागून रमाकांतांचं रोपांशी चाललेलं पुटपुटणं. ऐकू कमी येणारी माणसं मोठ्यानेच पुटपुटतात. त्या आवाजाने मोहनाताईंचा जीव थोडा भांड्यात पडला.

दहा वाजून पाच मिनिटांनी दोन झटके. दोन परत. पाणी बंद.

आता तीन यायला हवे होते. आले नाहीत. दहा वाजून दहा झाले. पंधरा झाले. पुटपुटणं थांबलं होतं. मोहनाताईंनी डबा उघडला, बंद केला. साखर उतरली असेल तर? आत कुठेतरी उभे राहून वाट कुठे आहे म्हणून विचारत असतील तर? त्यांना सगळ्यात जास्त भीती याचीच होती, त्या वळणाचीसुद्धा नाही.

त्यांनी दोन्ही हातांनी पाईप धरला आणि तीन झटके दिले. रमाकांतांनी शिकवले होते तसे. झटका, थांबायचं, झटका, थांबायचं, झटका.

थोडा वेळ काही नाही. आणि मग उत्तर आलं. झटका, थांबून, झटका, थांबून, झटका. तीच चाल. छत्तीस वर्षं सिग्नल दिलेल्या हाताची.

“आले गं बाई,” मोहनाताई मोठ्याने म्हणाल्या आणि त्यांना हसू आलं. त्या पाईप ओढू लागल्या. ते पाईप धरून चालत येणार आणि त्या ढिला पडलेला पाईप गुंडाळत जाणार, हे नेहमीचंच. पहिला पट्टा आला. दुसरा. पाईप भराभर येत होता. किती भराभर चालताहेत, पडतील अशाने, असं त्यांच्या मनात आलं. तिसरा. चौथा.

चौथ्यानंतरचा तो गुळगुळीत भाग हातात आला आणि मोहनाताई थांबल्या. बाकीचा पाईप थंडगार होता, ओला होता. तेवढाच कोरडा होता आणि उबदार होता. आत्ताच सोडलेल्या मुठीइतका उबदार.

तरी त्या ओढत राहिल्या. काय करणार होत्या? आत नवरा होता. पाचवा, सहावा, सातवा. आठवा. नववा. समोरच्या करंजाच्या फांद्या हलल्या. मोहनाताई उठून उभ्या राहिल्या, रागावण्यासाठी तोंड उघडलं. पाईप आणखी सरकला, आणि फांद्यांखालून पितळी तोटी बाहेर आली. ठक करून फाटकाच्या फरशीवर आपटली. तिच्यातून दोन थेंब गळले.

मागे कुणीच नव्हतं. दोनशे फूट पाईप त्यांच्या पायाशी पडला होता, सगळाच्या सगळा, आणि त्याचं टोक त्यांच्या समोर होतं.

आणि रानातून, फार लांबून नव्हे, रमाकांतांचा आवाज आला.

“अगं हळू, हळू! ओढतेस काय एवढं? येतोय ना मी! धरलाय पाईप!”

मोहनाताईंनी किंकाळी फोडली. “सोडा! अहो, तो पाईप नाही! सोडा हातातलं!” त्या ओरडत राहिल्या. ज्याला ऐकू यायला हवं होतं त्याच्या कानातलं यंत्र त्यांच्या मांडीवरून घसरून फरशीवर पडलं होतं, आणि ओरडतानाच त्यांना ते दिसत होतं.

त्या आत घुसल्या. धरायला पाईप नव्हता, वाट नव्हती. काटे, फांद्या, गुडघे, कशाचीच शुद्ध नव्हती. आवाजाच्या दिशेने त्या नुसत्या धडकत गेल्या. बुंध्यांच्या फटीत एकदा निळा शर्ट दिसला, वीस-पंचवीस फुटांवर. पाठमोरा. रमाकांत त्यांच्यापासून लांब चालले होते, वाकून, हातापुढे हात टाकत, दोर धरून विहिरीतून वर येतात तसे. त्यांच्या मुठींत काहीतरी काळं, लांब, ताणलेलं होतं. ते जमिनीवर पडलेलं नव्हतं. कमरेच्या उंचीवरून पुढे, झाडांमधल्या सावलीत गेलं होतं, आणि ते चालत होते त्याहून थोडं जास्त वेगाने त्यांना नेत होतं. ते तीनदा हिसकलं. झटका, थांबून, झटका, थांबून, झटका.

“तीन! कळलं, तीन!” रमाकांत म्हणाले, आणि त्यांनी ते तीनदा परत हिसकलं.

मधे एक बुंधा आला. बुंध्याच्या पलीकडे शर्ट नव्हता.

मोहनाताई दोन्ही हात पुढे करून पळाल्या आणि हात भिंतीवर आपटले. मागची भिंत. एकशे साठ फूट संपले होते. पायाशी खिरणीची रोपं होती, नुकतं पाणी दिलेली, आळी काठोकाठ भरलेली. त्यांच्या आणि फाटकाच्या मधे आता जे काही होतं ते सगळं त्यांच्या मागे होतं, आणि तिथून त्या आत्ताच आल्या होत्या.

आवाज मात्र पुढूनच येत होता. भिंतीच्या पलीकडे कांस आहे, कांसाच्या पलीकडे रस्ता आहे, दुकानं आहेत. तिथून नव्हे. सरळ झाडांतून यावा तसा येत होता, पाचोळा तुडवत, प्रत्येक वेळी थोडा आणखी लांबून.

“किती आत आलो होतो गं मी आज? संपतच नाही!”

मोहनाताईंनी भिंतीला कपाळ टेकवलं आणि तळव्यांनी भिंत बडवत राहिल्या, एक, दोन, तीन, कितीही, मोजदाद न ठेवता.

“हो हो, येतोय, तू ओढत राहा,” रमाकांतांचा आवाज आला. आवाजात थोडी दमणूक होती, नेहमीची कुरकुर होती, आणि दुसऱ्या टोकाला बायको आहे याबद्दल त्यांना काडीचीही शंका नव्हती.